आहिहिकचा हिवाळा

ऑन्टारिओची सरकारी आरोग्य विमा योजना चालू ठेवायची, तर बारा महिन्यांत किमान 153 दिवस प्रांतात राहावं लागतं. निवृत्तीनंतर आमच्या घरचं कॅलेंडर या आकड्यावर चालतं. उन्हाळ्याचे महिने मिसिसागात, गणपती आटोपून थंडी पडू लागली की मेक्सिकोतलं आहिहिक, ते थेट एप्रिलपर्यंत.

यांचे दोन्ही गुडघे बदललेले. बर्फावर घसरण्याच्या धास्तीने हिवाळाभर हे खिडकीशी बसून राहायचे, आणि यांचं ते बसणं मला बघवेना. ओळखीतले बरेच जण फ्लॉरिडाला जातात. पण आम्ही पाहिलं तिथे दूध आणायलाही गाडी काढावी लागत होती, शिवाय अमेरिकेसाठीच्या प्रवासविम्याचा हप्ता आमच्या वयाला जड जातो. ‘मग सांगलीला का येत नाहीस?’ असं भाऊ दर भाऊबीजेला फोनवर विचारतो. यावंसं वाटतंच. पण आई गेली, गावभागातलं घर वाटणीत विकलं गेलं, आणि वीस-बावीस तास विमानात बसायला डॉक्टरांनी यांना मनाई केली आहे.

आहिहिक हे ग्वादालाहारापासून तासाभराच्या अंतरावर, चापाला सरोवराच्या काठी वसलेलं गाव. मेक्सिकोतलं हे सर्वांत मोठं सरोवर, जवळपास 80 किलोमीटर लांब. गावाची उंची सुमारे 1500 मीटर, त्यामुळे जानेवारीतही दुपारी अर्ध्या बाह्या आणि रात्री गोधडी. आमच्या घरात हीटर नाही, एसी नाही. कॅनेडियन-अमेरिकन मंडळी इथे कित्येक वर्षांपासून येत आली आहेत. त्यांची लेक चापाला सोसायटी 1955 पासून चालू आहे. पुस्तकं आम्ही तिथूनच आणतो.

घर भाड्याचं, विटांच्या घुमटाकार छताचं. अंगणाखाली पाण्याची टाकी, तिथून मोटर लावून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवायचं. सांगलीत वाढलेल्या माणसाला यात शिकायचं काही नव्हतं. आल्या आल्या हे कठडा नसलेल्या जिन्याने वर गेले, टाकीचं झाकण उघडून पाहिलं आणि खाली येऊन म्हणाले, “धुवायला झालीय.” गॅसचीही टाकी गच्चीवरच, आणि गॅसची गाडी गाणं वाजवत गल्लीतून फिरते. प्यायचं पाणी वीस लिटरच्या बाटल्यांतून येतं, भाज्या औषधाचे थेंब घातलेल्या पाण्यात बुडवून ठेवायच्या, आणि विंचू असतात म्हणून चपला झटकून घालायच्या. रस्ते मात्र गोट्यांचे. यांना काठी घ्यावी लागली, पण रोज चालणं सुरू झालं, आणि मला तेवढंच हवं होतं.

माझं मन पहिल्यांदा रमलं ते स्वयंपाकघरात. कोपऱ्यावरच्या तोर्तियाच्या दुकानात मक्याचं ओलं पीठ किलोवर मिळतं. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसाच ठेवतात आणि सकाळी धुऊन ओलाच दळतात. आपल्याकडच्या कोरड्या मक्याच्या पिठाची भाकरी कडेला चिरते. हे पीठ चुन्यामुळे असं चिकट होतं की थापताना हाताखाली एकसंध पसरतं. त्यात कांदा, कोथिंबीर, हिरवी मिरची आणि बरोबर आणलेला ओवा घालून मी ओल्या फडक्यावर थालीपीठ लावते. लोण्याऐवजी वर पिकलेला अवोकाडो. सांगलीच्या कुठल्याही घरात हे थालीपीठ मानाने वाढता येईल.

2024 साली दिवाळीचा पाडवा आणि इथला मृतांचा दिवस एकाच तारखेला आला, 2 नोव्हेंबरला. त्याआधीच्या बुधवारच्या बाजारात झेंडूचे ढीग लागले होते. आपल्या दसऱ्या-दिवाळीचा झेंडू मुळात याच देशातला. गेलेल्यांना घरची वाट सापडावी म्हणून इथले लोक त्याच्या पाकळ्या पसरतात. मी मात्र नेहमीसारखं आंब्याच्या पानांत ओवून दाराला तोरण बांधलं. शेजारीच राहणाऱ्या घरमालकीण सेन्योरा ते पाहून थबकल्या. आम्हीही कुणासाठी तरी मांडणी केली आहे, असं त्यांना वाटलं. माझ्या तुटपुंज्या स्पॅनिशमध्ये पाडवा सांगणं जमेना, तेव्हा मी मोबाइलवर आईचा फोटो दाखवला. त्यांनी माझा हात धरला आणि आपल्या घरात नेलं.

तीन पायऱ्यांची मांडणी होती. वरती त्यांच्या नवऱ्याचा फोटो. खाली मीठ, पाण्याचा पेला, साखरेची कवटी, गोड पाव आणि टकीलाची छोटी बाटली. “तुझ्या आईला काय आवडायचं?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चहा. फोटो छापून आणला, आलं ठेचून चहा केला आणि स्टीलच्या पेल्यात घालून आईपुढे ठेवला. सर्वपित्रीला तिचं पान भाऊ वाढतो. माझ्या हातून तिच्यासाठी काही ठेवलं गेलं ते इथे, पहिल्यांदा. रात्री सेन्योरांबरोबर शाळेच्या भिंतीवरच्या मातीच्या कवट्या पाहायला गेलो. प्रत्येकीवर गावातल्या कुणा गेलेल्याचं नाव, आणि त्या रात्री तिथे दिवे लावतात. कोपऱ्यावरच्या दुकानातली मुलगी तेव्हापासून आईची चौकशी करते आणि मग तोर्तिया बांधून देते.

म्हणूनच मला इथली एक गोष्ट फार लागते. आमच्यासारख्यांच्या येण्याने गावातली भाडी इतकी वाढली की इथे जन्मलेल्या तरुण जोडप्यांना आपल्याच गावात घर परवडत नाही. दर हिवाळ्यात येऊनही स्पॅनिशचे चार शब्द न शिकणारे शेजारी मी पाहते, तेव्हा राग येतो. पाहुण्याने निदान यजमानाशी त्याच्या भाषेत बोलावं. कामाला येणाऱ्या बाईंना कायद्याने डिसेंबरात किमान पंधरा दिवसांचा जादा पगार द्यायचा असतो. तो मागायची वेळ त्यांच्यावर येता कामा नये. आठवड्यातून दोनदा आम्ही दोघं स्पॅनिशच्या शिकवणीला जातो. क्रियापदं यांना माझ्याहून लवकर पाठ होतात.

आता पर्यटक म्हणून न येता तात्पुरत्या रहिवासाचं कार्ड काढायचं ठरवलं आहे. पहिलं कार्ड एका वर्षाचं, मग नूतनीकरण करत एकूण चार वर्षांपर्यंत राहता येतं. चार वर्षांनी हे ऐंशीच्या घरात असतील, आणि टाकी बघायला वर जायचं काही सोडणार नाहीत. तेव्हा गच्चीच्या जिन्याला लोखंडी कठडा बसवायचं सेन्योरांशी बोलून झालं आहे. निम्मा खर्च त्यांचा, निम्मा आमचा. लोहार सोमवारी माप घ्यायला येतो.