सुसज्ज स्वयंपाकघरासह

कॉमर्सच्या पदवीधराने सहलीचा बेत आखू नये, असे माझे आता स्पष्ट मत झाले आहे. आर्ट्सवाला डोंगर बघतो, सायन्सवाला डोंगराची उंची विचारतो, आणि आम्ही डोंगरावर चहा कितीला मिळतो ते बघून खाली उतरतो.

गेल्या मे महिन्यात आम्ही माथेरानला जायचे ठरवले. 'आम्ही' म्हणजे मी, सौ., आई, चिरंजीव आणि कन्या. हेडकॅशियरसाहेब जेवायला गेलेले बघून मी पैसे भरायची एक कोरी स्लिप घेतली आणि तिच्या पाठीवर हिशेब मांडला. आम्ही चौकशी केलेले हॉटेल माणशी आकार लावत होते, दोन वेळचे जेवण, नाश्ता, चहा धरून. माणशी रोज २,४०० रुपये, माणसे पाच, दिवस तीन : एकूण ३६,०००. छातीत बारीकशी कळ आली. मग कुणीतरी एका बंगल्याचा नंबर दिला. अख्खा बंगला, रोज ५,००० रुपये, सुसज्ज स्वयंपाकघरासह, आपले आपण करून खायचे. तीन दिवसांचे पंधरा हजार, किराण्याचे दोन हजार, एकूण सतरा. निव्वळ बचत १९,००० रुपये! स्लिपेवर मी दोन रेघा ओढल्या आणि ती खिशात घातली. वीस वर्षांच्या नोकरीत इतका सुंदर ताळेबंद माझ्या हातून झाला नव्हता.

बंगल्याच्या मालकीणबाई फोनवर फार गोड बोलल्या. "अगदी घरच्यासारखं वाटेल तुम्हाला," म्हणाल्या. किती खरे बोलल्या, ते तेव्हा कळले नाही.

घरी येऊन मी ही बातमी जाहीर केली. टाळ्या पडतील अशी माझी कल्पना नव्हती, पण निदान "अय्या!" तरी अपेक्षित होते. सौ. कणीक मळत होती. ती मळतामळताच म्हणाली, "पोळपाट आहे का तिथे?"

"अगं, सुसज्ज आहे. सुसज्ज म्हणजे सगळं आलं."

"विचारून घ्या."

मी विचारले नाही. एकोणीस हजार रुपये वाचवलेल्या माणसाने पोळपाटाची चौकशी करायची, हे मला त्या रकमेला शोभेसे वाटले नाही.

'आपले आपण करून खायचे' हे वाक्य कागदावर फार लहान दिसते. ते बांधायला घेतले तेव्हा त्याचे सात नग झाले. तांदूळ, तूरडाळ, मूगडाळ, कणीक, तेल, मिसळणाचा डबा, आईच्या उपासाचे साबुदाणे. घरचाच कुकर, कारण परक्या कुकरच्या शिट्ट्या आपल्याला ओळखीच्या नसतात. खवणी. "खवणी कशाला?" मी विचारले. "नारळाला," सौ. म्हणाली. तेव्हा नारळही आहेत हे कळले.

डोंबिवलीहून कर्जत लोकलने नेरळ आणि तिथून टॅक्सीने दस्तुरी नाका, इथवर सगळे सुरळीत पार पडले. माथेरानात मोटारींना बंदी आहे, हे मला ठाऊक होते. बँकेत चार लोकांना मी ते कौतुकाने सांगितलेही होते. पण त्या बंदीचा दुसरा अर्थ, की दस्तुरीपुढे जे काही जायचे ते घोड्याच्या पाठीवर, हातगाडीवर नाहीतर माणसाच्या डोक्यावर, हा टॅक्सी आम्हाला सात नगांसकट सोडून परत फिरली तेव्हा लक्षात आला. १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने नेरळहून वर दोन फूट रुंदीच्या रुळांची चिमुकली आगगाडी आणली. हल्ली दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनवरून तिच्या फेऱ्या असतात. पण त्या वेळेची तिकिटे संपली होती. एका हमालाने तांदळाची पिशवी उचलून अंदाज घेतला, नारळ हलवून बघितला आणि सहानुभूतीने विचारले, "साहेब, वर दुकानं आहेत की हो!"

१८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून आला आणि जागा त्याला आवडली, असे इतिहास सांगतो. त्याच्याबरोबर खवणी होती का, याबद्दल इतिहास गप्प आहे.

बंगला मात्र सुरेख होता, हे कबूल करायला हवे. लाल मातीची वाट, वर जांभळीची गर्द सावली, लांबलचक व्हरांडा, वेताच्या खुर्च्या. आई एका खुर्चीत बसली ती "अगंबाई, गार आहे गं," म्हणून बसूनच राहिली. तेवढ्यात बंगला सांभाळणारे मामा प्लॅस्टिकमध्ये घातलेला एक टंकलिखित कागद घेऊन आले. बंगल्यातल्या सामानाची यादी. ताडून बघायची आणि सही करायची.

आता तुम्हाला म्हणून सांगतो, सहलीत मला खरा आनंद कुठे झाला असेल तर तो इथे. लोक दऱ्या बघायला जातात. मला यादी मिळाली. काटे १२, सुऱ्या १२, उंच दांड्याचे पेले १०, झाकणाचे सुपाचे भांडे १, केकचा साचा १, चिनीमातीच्या अंड्याच्या कपल्या ६. एकेक वस्तू मोजून टीक करत गेलो. चहाचे चमचे १२. भरले ११. पुन्हा मोजले. अकराच. कॅशमध्ये एका रुपयाचा फरक राहिला तरी ज्याला शाखेतून बाहेर पडता येत नाही, त्या माणसाला बारावा चमचा सापडेपर्यंत माथेरान कसे दिसणार?

"चमचे राहू देत," सौ. आतून म्हणाली. "पोळपाट नाहीये."

पोळपाट नव्हता. लाटणे नव्हते, सांडशी नव्हती, झारा नव्हता. बारा सुऱ्यांपैकी एकीलाही बटाट्याने दाद दिली नाही. यादी करणाऱ्यांच्या घरी लोक सूप पीत, केक खात, उकडलेली अंडी कपलीत उभी करून चमच्याने टोकरत. पोळ्या करायला या डोंगरावर कोणी येईल अशी त्यांना शंका आलेली दिसत नव्हती. सौ.ने स्टीलचे ताट पालथे घातले, यादीत नसलेली एक रिकामी बाटली धुतली, आणि तिने पोळ्या लाटायला घेतल्या. पदराने कुकर उतरवला. ती काही बोलली नाही. माझ्या अनुभवाने हे लक्षण चांगले नव्हे, पण मी तेव्हा सोफ्याखाली चमचा शोधत होतो.

कपल्या बघून आई हरखली. "किती गोजिरवाणं भांडं!" म्हणत तिने एक घासून घेतली आणि पिशवीतून आणलेल्या बाळकृष्णापुढे तीत दूधसाखरेचा नैवेद्य ठेवला. ते भांडे मुळात कशासाठी असते, हे मी सांगितले नाही. चिरंजीव तोंड उघडणार होते. त्यांचा पाय मी वेळीच दाबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही इको पॉइंट बघून आलो. 'आम्ही' म्हणजे मी, चिरंजीव आणि कन्या. दुपारी घोड्यांपासून अंग चोरत बाजारात गेलो, चिक्की आणली. संध्याकाळी पॉर्क्युपाइन पॉइंटला सूर्यास्त. परत आलो की गरम पोळी, उसळ, भात, कैरीची डाळ. "इथल्या हवेत भूक फार लागते नाही?" मी म्हणायचो. "हो ना," आतून उत्तर यायचे. एकदा माकडाने खिडकीतून कणकेचा गोळा उचलला, छपरावर बसून नीट हुंगला आणि फेकून दिला. मी हसलो. सौ. हसली नाही, तिने पुन्हा कणीक भिजवली. बारावा चमचाही माकडानेच नेला असावा असे मला तेव्हा वाटून गेले, पण माकडाच्या नावे नोंद घालायला व्हाउचर लागते.

तिसऱ्या दिवशी पॅनोरमा पॉइंटहून बाराच्या सुमाराला परतलो तर घर शांत. कुकर नाही, फोडणी नाही. आई व्हरांड्यात जप करत होती. ओट्यावर मिठाच्या डब्याखाली माझीच ती हिशेबाची स्लिप होती. परवा शर्ट धुताना खिशात सापडली असणार. खाली पेन्सिलीने लिहिले होते :

'शेजारच्या बंगल्यातल्या बाईंबरोबर लुईझा पॉइंटला जाते. आईंना भात गुरगुट्या लागतो. तांदूळ निवडलेले नाहीत.'

आणि त्याच्या वर, माझ्या दोन रेघांच्या मधोमध, माझ्यासारखेच अक्षर काढून तिने एक बाब वाढवली होती : 'स्वयंपाक, तीन दिवस, पाच माणसे.' पुढे रकमेची जागा कोरी.

मी तांदूळ निवडायला बसलो. चिरंजीवांनी मोबाइलवर कृती शोधायचा प्रयत्न केला. त्यांना रेंज मिळेना. कन्या कांदा चिरताना रडली आणि मग कांदा संपल्यावरही थोडी रडली. आईची खुर्ची आम्ही स्वयंपाकघराच्या दारात आणून ठेवली.

"आई, पाणी किती?"

"अंदाजाने."

"मीठ?"

"ते अंदाजानेच असतं रे."

चारशे लोकांच्या रांगेला रुपयापैशापर्यंत हिशेब देणाऱ्या माणसाला जगात हा एक शब्द सोसत नाही. तरी मी अंदाजाने घातले. डाळ खाली लागली, भात वर राहिला, आणि बाटलीने लाटलेल्या माझ्या पोळ्या ताटापासून सुट्या व्हायला तयार होईनात. तीन वाजता आम्ही जेवलो.

"चांगलं झालंय," आई म्हणाली. मग थोड्या वेळाने, ताटातला करपलेला भाग बाजूला सारत, "मी आले होते हो माथेरानला. अठ्ठ्याहत्तर साली. तुझ्या जन्माच्या आधी, ह्यांच्याबरोबर. अशाच एका बंगल्यात चार बिऱ्हाडं उतरलो होतो."

हे मला माहीत नव्हते. "मग काय काय बघितलंस?"

"स्टोव्ह," आई म्हणाली. "पंपाचा होता. सारखा विझायचा. रॉकेल घरून आणलं होतं." आणि हसून, "पॉइंट ह्यांनी येऊन सांगितले ना सगळे. छान सांगायचे."

मी पाणी प्यायलो. चिरंजीव न सांगता ताटे उचलून मोरीत घेऊन गेले.

सौ. दिवेलागणीला आली. गुडघ्यापर्यंत लाल धूळ, पायात बाजारातल्या नव्या चपला, हातात चिक्की. लुईझा पॉइंटवरून समोर प्रबळगड कसा दिसतो, ते ती सांगायला लागली आणि सांगतच राहिली. एकोणीस वर्षांत तिला एवढे सलग बोलताना मी ऐकले नव्हते, किंवा मी ऐकायला थांबलो नव्हतो. स्वयंपाकघराकडे तिने बघितलेसुद्धा नाही. लागलेली डाळ तिने दोनदा घेतली.

चौथ्या दिवशी सकाळचा चहा सगळ्यांनी बाजारात घेतला. तिथून आईला हळूहळू चालवत, तीनदा बसवत, शार्लट तलावापर्यंत नेले. पिसरनाथाच्या देवळात ती बराच वेळ बसली. बाहेर येऊन तलावाच्या काठाशी उभी राहिली आणि म्हणाली, "ह्यांनी सांगितलं होतं त्याहून मोठा आहे."

निघताना मामांपुढे मी स्वतःहून कबुली दिली : चहाचे चमचे अकराच आहेत, पण ते मुळातच अकरा होते. मामा म्हणाले, "तो बारावा मी कामाला लागलो तेव्हापासून नाही साहेब. यादी जुनी आहे." मी यादी दुरुस्त करून त्यांची सही घेतली. या गडबडीत बाकीच्या वस्तू पुन्हा मोजायच्या राहिल्या.

घरी आल्यावर रात्री मी स्लिप घेऊन बसलो. हमाल, टॅक्सी, चपला, चिक्की, सगळे वजा केले. राहता राहिली ती कोरी जागा.

"अगं, इथे आकडा किती घालू?"

"तुम्ही कॉमर्सचे ना?" सौ. म्हणाली आणि झोपायला गेली.

बँकेत ज्या नोंदीची रक्कम ठरत नाही ती सस्पेन्स खात्यात टाकतात, आणि दर ऑडिटला कुणीतरी येऊन तिच्याबद्दल विचारते. ती स्लिप आता आमच्या फ्रीजच्या दारावर चिकटवलेली आहे. पुढच्या वर्षीच्या हॉटेलचे बुकिंग, माणशी आकार, जेवणखाणासह, सौ.ने स्वतः केले आहे. दर मी विचारलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवघरात गेलो तर बाळकृष्णापुढे चिनीमातीची कपली. आत दूधसाखर.

"आई! ही तिथली ना?"

"दुसऱ्यांदा जाऊन आले माथेरानला," आई शांतपणे म्हणाली, "काहीतरी नको का आठवणीला?"

मी मालकीणबाईंना फोन करून गुन्हा कबूल केला आणि किंमत विचारली. त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, राहू द्या, आजींना माझ्याकडून. तेव्हा यादीत कपल्या आता पाच आहेत. ती कशासाठी असते, हे आईला मी अजून सांगितलेले नाही.