एडका घेताना त्याची आई बघावी

उत्तरेला अजिंठ्याचे डोंगर, इकडे मुरमाड माळ आणि मधे काळ्या मातीच्या पट्ट्या. भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादच्या बाजूला कपाशीची शेवटची वेचणी उरकली, की मेंढरं परहाटीत शिरतात. वाळकी पानं, किडकी बोंडं, बांधावरचं खुरटं, काही सोडत नाहीत. रात्री वाघर लावून ती त्याच शेतात बसवायची, शेतकऱ्याला लेंडीखत मिळतं आणि मेंढक्याला धान्य किंवा रोकड. मी पशुवैद्य, त्यामुळे माझी या कळपांशी गाठ बहुतेक वेळा आंत्रविषाराच्या लसीच्या निमित्तानं पडते, पावसाळ्याच्या तोंडावर.

ही मेंढी दख्खनी. बहुधा काळी, पाय लांब, छाती अरुंद, शेपूट आखूड नि बारीक. मोठी मादी भरते जेमतेम 28 ते 30 किलो. प्रदर्शनात मांडली तर कुणी दुसऱ्यांदा बघणार नाही! पण मे महिन्यात, पाणवठे आटलेले असताना, कोकरू पायाशी घेऊन ती दिवसभर चालते, त्याला बक्षीस नाही.

दख्खनीचेही प्रकार आहेत. लोणंद, संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी ही नावं पुस्तकांत येतात. पण मेंढक्याला नावाशी देणंघेणं नसतं. तो तोंड उघडून दात बघतो: अदंत, दोनदाती, चारदाती, मग जुळलेली. मी पापणी उलटून बघतो. आतली कडा लालबुंद असली तर ठीक. फिकी पडली असेल तर पोटात रक्त पिणारा हिमोन्कस जंत आहे असं धरून चालायचं. एकाच कळपात, एकाच डबक्याचं पाणी पिऊन, काही मेंढ्यांची कडा लालच राहते. मला जातिवंतपणा दिसतो तो इथे.

ही जात सुधारायची हौस जुनी आहे. तलम लोकरीसाठी मेरिनो आणि रॅम्बुलेचे एडके आणून संकर करून पाहिले. दाट, मऊ लोकर आपल्या माळावर कुसळं गोळा करते. कुसळ लोकरीतून कातडीत शिरतं आणि जखम चिघळते. दख्खनीची भरड, विरळ लोकर तिथे बरी पडते. घोंगडीलाही हीच काळी लोकर हवी, रंगवावी लागत नाही. ताण्याला चिंचोक्याची खळ दिली की घोंगडी पाऊस झेलते. आता मात्र लोकर विकून कातरणाऱ्याची मजुरीही सुटत नाही, त्यामुळे लोकरीचा वाद आपोआप मिटला.

आता हौस वजनाची. जत तालुक्यातल्या माडग्याळची मेंढी उंच, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, नाक पोपटासारखं बाकदार, लोकर नावालाच. कोकरं झपाट्यानं वाढतात. 2020 साली आटपाडीच्या बाजारात ‘सर्जा’ नावाच्या माडग्याळ एडक्याला 70 लाखांची मागणी आल्याच्या बातम्या आल्या आणि आमच्याकडच्या पोरांनी मोबाइलवर त्याचे फोटो ठेवले. माडग्याळला मी नावं ठेवत नाही. ज्याला दावणीला चारा-पेंड घालता येते, त्यानं जरूर घ्यावी. पण एक म्हातारे मेंढके मला म्हणाले, “डॉक्टरसाहेब, वजन खांद्यावर घेऊन कोण चालनार? ती का तुमी?”

जुळ्यांचंही असंच. सुंदरबनातल्या गारोळ मेंढीतलं, जास्त कोकरं देणारं जनुक फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं दख्खनीत आणलं. संस्थेच्या या ‘नारी सुवर्णा’ मेंढीला जुळी होतात. आपल्याकडच्या पशुपैदाशीत इतकं नेमकं काम मी फार थोडं पाहिलंय. पण दोन कोकरांना दूध पुरवायला मेंढीच्या पोटात काहीतरी पडायला हवं. वाटेवर व्यालेल्या मेंढीचं कोकरू घोड्यावरच्या सामानात घालून न्यावं लागतं, तिथे दुसऱ्याला जागा कुठली? बागायती पट्ट्यात सुवर्णा, जिरायतीत साधी दख्खनी, असा माझा सरळ हिशेब आहे.

मेंढी नुसत्या रक्तानं घडत नाही, शिकण्यानंही घडते. इंग्लंडच्या डोंगराळ कंब्रियातल्या हर्डविक मेंढ्या कुंपण नसतानाही आपापला डोंगर सोडत नाहीत. आईमागे फिरताना कोकरू हद्द शिकतं. 2001 च्या लाळ-खुरकतीच्या साथीत तिथले कळपच्या कळप मारले गेले, तेव्हा नुसत्या नव्या मेंढ्या विकत आणून भागणार नव्हतं. आमच्या मेंढरांना हद्द नसते, वाट असते. काय खायचं, काय टाळायचं, हे कोकरू त्या वाटेवरच शिकतं. बंद गोठ्यात वाढवलेला एडका त्यात मागे पडतो, रक्त कितीही शुद्ध असो.

पैदाशीचे एडके मेंढी व शेळी विकास महामंडळाच्या पडेगावच्या प्रक्षेत्रावरून आणता येतात, बाजारातही मिळतात. आमच्या भागातल्या मेंढक्यांना मी सांगतो, आधी आपल्याच कळपात बघा. ज्या मेंढीचे दात झिजलेत, जी दुष्काळी सालातही गाभण राहिली आणि जिनं कोकरू जगवलं, तिचं नर कोकरू खच्ची करू नका, खाटकालाही देऊ नका. त्याचा एडका झाला, की दोन वर्षांनी तो शेजारच्या कळपाशी बदलून घ्या, नाहीतर बाप-लेकीचा संयोग होतो. अशा मेंढीच्या कानाला पुढच्या लसीकरणाच्या वेळी मी बिल्ला मारून देतो, त्याचे पैसे घेत नाही.