दादर टू फ्रीजर!

संडे मॉर्निंगचं दादर म्हणजे नुसती धमाल! वर्किंग आई-बाबांच्या अख्ख्या आठवड्याचा मेन्यू इथेच ठरतो. पश्चिमेला उतरा, फुलांचा वास घेत, धक्के खात प्लाझाजवळची मंडई गाठा. हिवाळ्यात मटाराचे ढीगच्या ढीग लागलेले असतात. पिशव्या भरा आणि मेगाब्लॉक सुरू व्हायच्या आत परतीची लोकल पकडा. लेडीज डब्यात बसायला मिळालं, तर अर्धे मटार तिथेच सोलून होतात. शेजारचीही हात लावते. हे फक्त मुंबईतच!

खरा फंडा घरी गेल्यावर. मटार उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग कोरडे करून फ्रीजरमध्ये. कांदा-खोबऱ्याचं वाटण एकदमच करा. उसळी, छोले शिजवून एकेका जेवणापुरते छोटे डबे भरा. बटाटा मात्र आयत्या वेळी घाला, गोठवला की त्याचा पोत बिघडतो. शिजवलेलं दोन तासांच्या आत गार करून आत टाका. डब्यावर तारीख हवीच आणि फ्रीजर उणे १८ अंशांवर.

‘पोरांना शिळं घालता?’ हा टोमणा ठरलेलाच. घालू देत! बुधवारी साडेआठला दमून घरी पोचल्यावर वीस मिनिटांत उसळ तयार असते आणि उरलेला तास पोरांच्या गप्पांना मिळतो. तो कुठल्याच मंडईत विकत मिळत नाही.

आणि हो बाबालोक, मटार जनरल डब्यातही सोलता येतात!