दहा मोळ्या जास्तीच्या

वजन आणि वेग यांचा गुणाकार मी शाळेत शिकलो नाही, ओढ्याच्या उतारावर शिकलो. त्याची फी मात्र आमच्या सर्जाने भरली.

गळिताचा हंगाम होता. मी विशीतला, अंगात रग. गाडी भरली तरी उसाच्या दहा मोळ्या खाली उरल्या. अण्णा म्हणाले, “राहू दे, उद्याच्या खेपेला नेऊ.” मी ऐकले नाही. मोळ्या चढवल्या आणि घाईने गाडी हाकली. अण्णा उताराच्या तोंडाशी गाडी उभी करून मग हळू उतरवीत. मी थांबलोच नाही. निम्म्या उतारावर गाडी बैलांना रेटू लागली, जू शिंगांकडे सरकले. कासरा ओढून हात सोलले, पण गाडी आवरेना. तळाशी चाक पुलाच्या कठड्यावर आदळले. सर्जा जुवाखाली पडला, पुढचा पाय मोडला.

परवा पुतणी नववीचे पुस्तक घेऊन बसली होती. “काका, वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग.” न्यूटनने १६८७ साली ग्रंथात मांडलेला नियमही तिने वाचला: संवेग जितक्या लवकर बदलायचा, तितके जास्त बल लागते. मी म्हटले, “माझ्या गाडीचे गणित मांड बघू.”

गाडी-उसासह दोन टन, म्हणजे २००० किलो. वेग सेकंदाला दोन मीटर. संवेग झाला ४०००. ही गाडी सपाटीवर दहा सेकंदांत थांबवायची तर सुमारे ४० किलो वजनाइतका जोर पुरतो. दोन सेकंदांत थांबवायची तर २०० किलोंचा लागतो. आणि कठड्यावर आपटून सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात थांबली, तर चार टनांचा! उतारावर तर ओझे स्वतःच पुढे ढकलत असते, तो भार वेगळाच.

खरे सांगतो, त्या दहा मोळ्यांनी संवेग दहाव्या हिश्श्यानेही वाढला नसेल. पण बैलांची ताकद आधीच काठावर होती, आणि थांबायला लागणारा वेळ मी घाईत घालवून बसलो होतो.

हाच हिशेब सगळीकडे आहे. दगडावर पडलेला माणूस मोडतो, पाचटाच्या ढिगावर पडलेला उठून चालू लागतो. कारण ढीग त्याला सावकाश थांबवतो. हेल्मेटच्या आतला मऊ थरही डोक्याला तोच क्षणभर जास्तीचा वेळ मिळवून देतो. मोटारसायकल उभ्या ट्रॉलीवर आदळली तर दोघांना बसणारा धक्का सारखाच असतो. पण ट्रॉली जेमतेम हलते, आणि मोटारसायकलचा सगळा वेग एका क्षणात संपतो. म्हणून रात्री रस्त्यात ट्रॉली उभी करू नका. करावीच लागली तर मागे लाल चकाकणारी पट्टी हवीच. भरला ट्रॅक्टर उताराला लागण्याआधीच खालच्या गिअरमध्ये टाका. उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवू नका.

गणित संपल्यावर पुतणीने विचारले, “मग सर्जाचं काय झालं, काका?”

तो पुन्हा जुवाखाली आला नाही. शेवटपर्यंत गोठ्यातच होता. अण्णा मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत, पण त्याला वैरण रोज माझ्याच हातून घालायला लावीत.