पंधरा दिवसांची दुकानदारी

दिवाळीच्या सुमारास पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर मनुष्यास स्वतःचे पाय उचलण्याचे कारण पडत नाही. मागची गर्दीच त्याला पुढे नेते. २०२२ साली मी त्या रस्त्यावरील एका साड्यांच्या दुकानात शिरलो तो मात्र गिऱ्हाईक म्हणून नव्हे, तर पंधरा दिवसांचा विक्रेता म्हणून. त्या वर्षी २४ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन, २५ ला सूर्यग्रहण आणि २६ ला पाडवा व भाऊबीज एकाच दिवशी, असा योग होता. पत्नी व बहीण या दोघींची ओवाळणी एकदमच देण्याचा प्रसंग ओढवलेले पुरुष आमच्या गादीसमोर येऊन बसत, तेव्हा त्यांच्या मुद्रेवरून ग्रहण आधीच लागले आहे असे वाटे.

महाविद्यालयात मला सात रंग शिकवले होते. येथील वर्णमालाच निराळी! चिंतामणी, गुलबक्षी, अंजिरी, श्रीखंडी. ‘अंजिरीच, पण जरा कमी पिकलेला’ अशी मागणी आली म्हणजे कोणत्या फळीकडे हात न्यावा, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. दुकानातील जुन्या नोकरांना सारे अण्णा म्हणत. त्यांनी पहिल्याच दिवशी ताकीद दिली, “साठीपर्यंत ताई, पुढे वहिनी. काकू म्हणालास की गिऱ्हाईक गेलेच म्हणून समज.”

साडी उलगडायला एक झटका पुरतो. काठाला काठ मिळवून तिची घडी घालीपर्यंत समोर आणखी दहा उलगडलेल्या असतात. नऊवारी मागणाऱ्या आजीबाई दिसल्या, की माझ्या मनगटांना त्या जादा तीन वारांची धास्ती वाटे.

एके सायंकाळी एक सासूबाई सुनेला घेऊन आल्या. चिरंजीव बाहेर मूल सांभाळीत उभे होते. “तुला आवडेल ती घे हो,” असे सासूबाई दर पाच मिनिटांनी म्हणत, आणि लगेच, “हा रंग मात्र तुला उठून दिसत नाही.” एका चिंतामणी साडीवर सुनेचा हात क्षणभर थांबला. तिने हळूच किमतीची चिठ्ठी उलटून पाहिली आणि ती साडी ढिगाच्या तळाशी सारली.

अण्णांनी हे पाहिले होते. दहा साड्यांनंतर ती चिंतामणी वर आली. कोणी पाहिले नाही. पुन्हा आली; सुनेने पाहिले व मान फिरवली. तिसऱ्या वेळी अण्णांनी ती एका फिक्या साडीखाली अशी ठेवली, की फक्त काठ बाहेर डोकवावा. सासूबाईंनी काठ धरून ओढला.

“अहो, ही कुठे लपवून ठेवली होतीत? बघ गं, मी शोधली!”

सुनेने ‘मला ही हवी’ म्हटले असते, तर तीच साडी महाग ठरली असती. आता सासूबाईंनी किंमत विचारली, ती पैसे मोजताना.

सून काहीच बोलली नाही. तिने पदर तेवढा पुन्हा एकदा उलटून पाहिला. अण्णांनी साडी पिशवीत घातली आणि उरलेल्या सत्तावीस साड्या घडी घालण्यासाठी माझ्याकडे सरकवल्या.