राखेनं आखलेलं घर

मुलांनो, तुम्ही कधी घर बदललंय का? शहरात घर बदलायचं म्हणजे खोकी भरायची, टेंपो बोलवायचा, जुन्या घराची किल्ली घरमालकाच्या हातात द्यायची आणि निघायचं. जुनं घर आपल्या जागी उभंच असतं. पुढं कधी त्या रस्त्यानं गेलो तर मान वर करून पाहता येतं, "तो बघ, तो आपला गच्चीचा कोपरा!"

हरसूलजवळच्या एका पाड्यावर मात्र मी असं घर पाहून आलो, की जे सोडायचं म्हणजे आधी मोडायचं होतं. जिथं ते उभं होतं, तिथंच नवं बांधायचं होतं.

त्याचं असं झालं. माझ्या मामांची दिंडोरीकडं द्राक्षबाग आहे. तिथं दर हिवाळ्यात हरसूलकडचं एक वारली कुटुंब कामाला येतं. ऑक्टोबरातली छाटणी, मग घडांची विरळणी, डिपिंग आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणी, असं हे काम चालतं. हरसूल, पेठ, सुरगाणा या डोंगरी भागातली हजारो माणसं त्यासाठी घाट चढून वर येतात. या वर्षी त्या कुटुंबातले दादा म्हणाले, "यंदा सगळ्यांना येता नाय येणार. घर बांधायचंय. जुनं बघायचं तर मोडायच्या आधी येऊन जा." आम्हाला असलं आमंत्रण पहिल्यांदाच मिळत होतं. दिवाळी झाल्यावर नाशिकहून हरसूलची एस.टी. धरली.

गिरणाऱ्यापर्यंत रस्ता सपाट आहे. दोन्ही बाजूंना टोमॅटोचे मळे, क्रेट भरलेल्या गाड्या. पुढं वाघेऱ्याचा किल्ला दिसू लागतो आणि घाट सुरू होतो. इथं एक गंमत आहे बरं का. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी पूर्वेकडं निघते ती थेट बंगालच्या उपसागराला मिळते. पण घाट उतरून हरसूलच्या बाजूला आलात, की तिथलं पाणी दमणगंगेला जातं आणि दमणजवळ अरबी समुद्राला मिळतं. एकाच तालुक्यात पडलेल्या पावसाच्या अशा दोन वाटा होतात. पाऊसही नाशिक शहरापेक्षा इकडं कितीतरी जास्त. भात, नागली, वरई आणि खुरासणी ही इथली पिकं. गुजरातची हद्द अगदी जवळ, त्यामुळं हरसूलच्या बाजारात दोन्हीकडची बोली कानावर पडते.

हरसूलहून पाड्यापर्यंत चालत गेलो. भात कापून झालं होतं, नागलीची कणसं खळ्यात येऊन पडली होती. डोंगराच्या उतारावर एक लहानशी सपाट जागा आणि तिच्यावर ते घर.

घर कुडाचं होतं. कूड म्हणजे काय, ते शहरातल्या मुलांना सांगायला हवं. सह्याद्रीत कारवी नावाचं झुडूप उगवतं. ते सात-आठ वर्षं नुसतं वाढत राहतं, मग एका वर्षी सगळं रान एकदम जांभळं फुलतं आणि बी धरलं की झुडपं वाळून जातात. त्या वाळलेल्या सरळसोट काठ्या एकीला एक लावून उभ्या बांधायच्या आणि दोन्ही बाजूंनी शेणमातीचा गिलावा द्यायचा. झाली भिंत! या भिंतीवर घराचं वजन नसतं. वजन पेलतात ते लाकडाचे खांब. वरच्या टोकाला दुबेळकं असलेल्या खांबाला मेढ म्हणतात. मेढींवर आढं, आढ्यावरून उतरणारे वासे, वाशांवर कौलं. आजी लग्न होऊन या घरात आली तेव्हा वर गवताचं छप्पर होतं. मंगळुरी कौलं नंतर आली. (या कौलांचा पहिला कारखाना मंगळूरला १८६५ साली बाझल मिशननं काढला, म्हणून ती 'मंगळुरी'.)

बाहेर ऊन रणरणत होतं, पण आत पाऊल टाकलं आणि गारवा लागला. अंधारही होता, कारण खिडकी एकही नव्हती. थोड्या वेळानं डोळे सरावले तेव्हा एकेक वस्तू दिसू लागली. एका कोपऱ्यात बांबूची उंच कणगी, तिच्यात भात. चुलीच्या वर मक्याची कणसं आणि दुधीभोपळ्याचं बी टांगलेलं, कारण धुरात कीड लागत नाही. एका बाजूला जातं, उखळ. पलीकडच्या टोकाला अर्ध्या भिंतीआड दोन बैल आणि पाच शेळ्या. माणसं आणि जनावरं एकाच छपराखाली! रात्री झोपताना बैलांच्या रवंथाचा आवाज येत होता. मला वाटलं होतं झोप लागणार नाही, पण कधी लागली कळलंच नाही.

मग असं छान घर मोडायचं कशाला? मीही हेच विचारलं. दादा काही बोलले नाहीत. त्यांनी मला पश्चिमेच्या मेढीजवळ नेलं आणि तिच्या बुडाशी पहारीचं टोक लावलं. टोक सहज आत गेलं! वाळवीनं खांब आतून पोखरून टाकला होता. गेल्या पावसाळ्यात झडीनं पश्चिमेचा कूड रात्रीतून बसला, तेव्हा सगळ्यांनी मिळून प्लास्टिकचा कागद धरून रात्र काढली. दर वर्षी लिंपण करायचं, कौलं चाळायची, आणि त्यासाठी लागणारी कारवी आता पूर्वीसारखी जवळ मिळत नाही. पाहुण्याला जुनं घर सुंदर वाटतं, मुलांनो. पावसाळ्यात तिथं पाहुणा नसतो.

त्यांना घरकुल मंजूर झालं होतं. प्रधानमंत्री आवास योजनेचा ग्रामीण भाग २०१६ साली सुरू झाला. तीत घर निदान २५ चौरस मीटरचं, म्हणजे सुमारे २६९ चौरस फुटांचं असावं असा नियम आहे. पैसे एकदम मिळत नाहीत. जसजसं बांधकाम वर चढेल तसतसे हप्ते मिळतात, आणि प्रत्येक वेळी मोबाईलवर फोटो काढून पाठवावा लागतो. जुन्या घराचाही फोटो काढून नेला होता. त्या दिवशी आजी ठेवणीतलं लुगडं नेसून दारात उभी राहिली होती म्हणे.

२६९ चौरस फूट म्हणजे किती? हे कुणालाच नीट कळत नव्हतं. ते समजावून सांगितलं घरातल्या सातवीतल्या मुलीनं. तिनं वहीत गुणाकार केला. साडेएकवीस गुणिले साडेबारा, बरोबर २६८.७५! मग सुतळीला फुटाफुटावर गाठी मारल्या, चुलीतली राख घमेल्यात घेतली आणि अंगणात खऱ्याएवढं घर आखलं. लांबी साडेएकवीस फूट, रुंदी साडेबारा. आम्ही सगळे त्या रेषांच्या आत जाऊन उभे राहिलो.

"एवढंच?" वहिनी म्हणाल्या.

तिनं मग जुनं घरही मोजलं. ३६ फूट लांब, २४ फूट रुंद. म्हणजे ८६४ चौरस फूट. नवं घर जुन्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी! आणि आता खरा खेळ सुरू झाला. कणगी कुठं ठेवायची? मुलीनं कणगीच्या जागी टोपली ठेवली. जात्याच्या जागी दगड. तिचा थोरला भाऊ, दहावीतला, स्वतःच आडवा झोपून दाखवू लागला. पाच माणसं झोपली, कणगी आली, चूल आली, की उरलेल्या जागेत एक शेळी मावेना. बैलांचं तर नावच नको.

मला वाटत होतं, घराचा नकाशा म्हणजे खोल्या आणि दारं. पण त्या अंगणात खोलीचं नावही कुणी घेत नव्हतं. नागली कुठं वाळवायची, बाळंतीण कुठं निजवायची, पाऊस चार दिवस थांबला नाही तर लाकूड कोरडं कुठं राहील, असे प्रश्न निघत होते. वहिनींना वर स्लॅब हवा होता. पत्रा नको, कारण पत्र्यावर पाऊस पडला की बाजूच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही आणि उन्हाळ्यात आत भट्टी होते. शिवाय स्लॅबवर नागली वाळवता येईल, कोंबड्यांना राखत बसायला नको! मुलीला एकच गोष्ट हवी होती. खिडकी. पूर्वेला. सकाळी अभ्यासाला उजेड यायला पाहिजे. भावाचं म्हणणं, खिडकी कुठंही चालेल, पण मोबाईलला रेंज येईल अशी. त्यावर सगळे हसले. रेंज फक्त आंब्याखाली येते, हे सगळ्या पाड्याला ठाऊक आहे.

पण सगळ्यांत अवघड प्रश्न जागेचा नव्हता, वेळेचा होता. सिमेंटचं काम झालं की त्याला दोन-तीन आठवडे रोज पाणी पाजावं लागतं, नाहीतर ते कच्चं राहतं. पाणी कुठलं? पाड्याखालचा ओहोळ माघापर्यंत वाहतो. चैत्रात बायकांना हंडा घेऊन लांबच्या विहिरीवर जावं लागतं. जिथं एवढा पाऊस पडतो तिथं उन्हाळ्यात प्यायला पाणी नाही, हे ऐकून नवल वाटेल, पण उतारावरून सगळं पाणी वाहून जातं. म्हणजे बांधकाम हिवाळ्यातच करायला हवं. आणि हिवाळ्यात तर द्राक्षबागेचं काम! तिकडं गेलं नाही तर मजुरी बुडते, आणि हप्त्यांत सगळं घर होत नाही, वरचे पैसे त्या मजुरीतूनच यायचे. पाणी असतं तेव्हा माणसं नाहीत, माणसं मोकळी असतात तेव्हा पाणी नाही.

दादांनी बोटांवर महिने मोजले. शेवटी ठरलं ते असं. काका-काकू बागेवर जातील. दादा, वहिनी आणि आजी मागं राहतील. नागली झोडून झाली की पौषात घर उतरवायचं, आधी जोतं, मग भिंती, आणि ओहोळ आटायच्या आत स्लॅब. तोवर राहायचं आंब्याखाली मांडव घालून.

आणि उतरवलेल्या घराचं काय? त्यातलं फारसं काही वाया जाणार नव्हतं. सात मेढी धडधाकट होत्या. वासे धुरानं काळे पडून लोखंडासारखे झालेले. कौलंही निम्म्याहून जास्त चांगली. या सगळ्यातून नव्या घराच्या मागं पडवी काढायची. तिथं चूल, जातं, कणगी, शेळ्या आणि बैल. मुलीनं लगेच साडेएकवीस फुटांच्या मागं राखेची आणखी एक रेषा ओढली.

आजी इतका वेळ ओट्यावर बसून ऐकत होती. तिनं मला हाक मारून आत नेलं. चुलीजवळच्या आतल्या भिंतीवर गेरूच्या तांबड्या रंगावर तांदळाच्या पिठानं काढलेला लग्नाचा चौक होता. वारली लग्नात हा चौक लागतोच. सुवासिनी तो काढतात, मधे पालघट देवी असते, आणि धवलेरी लग्नाची गाणी म्हणते. हा चौक आत्याच्या लग्नातला. बराच पुसट झाला होता.

मला फार वाईट वाटलं. खांब नेता येतील, कौलं नेता येतील, पण भिंत कशी नेणार? मी तसं म्हटलं. आजी हसली.

"अरे भाऊ, दर लग्नाला भिंत सारवून नवा चौक काढतो. याच्याखाली याच्या बापाच्या लग्नाचा असंल. त्याच्याखाली माझा. मातीच तर आहे, वावरात टाकू."

म्हणजे एवढा वेळ हळहळत होतो तो मीच! पण आजीची एक अट होती. पुढं नातीचं लग्न निघेल तेव्हा चौक काढायला भिंत लागेल, आणि सिमेंटच्या भिंतीवर शेणाचं सारवण तिला पटत नव्हतं. "एक भित कुडाची ठेवा," ती म्हणाली. दादा विचारात पडले. चारी बाहेरच्या भिंती तर विटांच्याच हव्यात. मग मुलगी म्हणाली, "मधली?" खोली आणि चूल यांच्यामधल्या भिंतीवर कसलंच वजन नाही. ती कुडाची केली तर विटा वाचतील, आणि जुन्या घराची धुरानं मुरलेली कारवी तिथं वापरता येईल. दादांनी मान हलवली.

संध्याकाळी मी आजीला जपानची गोष्ट सांगितली. तिकडं इसे इथं एक फार मोठं लाकडी देवस्थान आहे. ते दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर जसंच्या तसं नव्यानं बांधतात आणि जुनं उतरवतात. २०१३ साली ६२व्यांदा बांधलं. जुनं लाकूड दुसऱ्या देवळांना देतात. आजीनं लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाली, "त्यांच्याकडं शेजारी मोकळी जागा आहे. मग काय, सोपं आहे."

सकाळी उठून पाहिलं तर अंगणात कोंबड्यांनी चूल उकरून टाकली होती. आखलेली चूल! शेळीनं पूर्वेची खिडकी तुडवली होती. मुलगी चिडली नाही. रात्री वहिनींनी तिला सांगितलं होतं, जातं दाराच्या उजेडात पाहिजे आणि दळणारीला पाय पसरायला जागा पाहिजे. ते तिला बदलायचंच होतं.

एस.टी.ची वेळ झाली म्हणून मी निघालो, तेव्हा ती राखेचं घमेलं घेऊन पडवी पुन्हा आखत होती. या खेपेला एक हात मोठी.