बुजवलेल्या खाणीखालचं पाणी

‘खाण बुजवली की पाण्याचं काय होतं, ते सोप्या भाषेत लिहा,’ असं संपादकांनी सुचवलं. निमित्त ताजं आहे. पुणे जिल्ह्यातली एक जुनी दगडखाण राडारोड्याने भरून वर बाग केली जात आहे. तिथल्या भूजलाची देखरेख माझ्याकडे आहे. यंदाच्या अहवालात प्रत्येक घटकापुढे ‘मर्यादेत’ असा शेरा आला आणि सगळे निर्धास्त झाले. मला मात्र तो अहवाल अजून अस्वस्थ करतो.

‘काळ्या पाषाणात पाणी मुरेल कसं?’ हा प्रश्न प्रत्येक बैठकीत निघतो. अखंड पाषाणात ते मुरत नाही, हे खरं. पण आपला बसाल्ट म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक साचलेले थर. थरांच्या सांध्यांतून, सच्छिद्र अशा मांजऱ्या खडकातून, भेगांतून पाणी वाट काढतं. त्यात वर्षानुवर्षांच्या सुरुंगांनी खाणीच्या भिंती तडकलेल्या.

खाण चालू असताना पंप तळाचं पाणी उपसत राहतो, त्यामुळे भोवतालचं भूजल खाणीकडे ओढलं जातं. पंप बंद झाला की पातळी वर चढते, भराव भिजतो आणि पाणी उताराकडच्या विहिरींच्या दिशेने निघू शकतं. म्हणजे तपासणीची खरी गरज पंप थांबल्यानंतर सुरू होते, आणि नेमकी तेव्हाच ती आवरती घेतली जाते.

आता माझा जुना वाद. खर्च वाचवायला ‘शेजारच्या शेतातल्या बोअरचं पाणी घ्या’ असं सांगितलं जातं. आपल्याकडे बोअरला केसिंग बहुधा वरच्या माती-मुरमापुरतंच असतं. खाली भोक उघडं. त्यात निरनिराळ्या खोलीवरच्या भेगांचं पाणी एकत्र येतं. दूषित भेग एकच असली, तर बाकीचं चांगलं पाणी मिसळून दोष झाकला जातो. शिवाय वरचं दूषित पाणी त्याच भोकातून खालच्या भेगेत उतरतं. म्हणून देखरेखीसाठी स्वतंत्र पीझोमीटरच हवेत : ठरावीक खोलीवर जाळीची नळी, भोवती बारीक खडी, वर बेंटोनाइट मातीचं बूच. एक चढाकडे, बाकीचे उताराकडे, आणि जागा भेगांची दिशा पाहून ठरवलेली. यावर मी भांडत आलो आहे आणि भांडत राहीन.

नमुना घेण्याचंही शास्त्र आहे. नळीत साचलेलं पाणी आधी काढून टाकायचं. सामू आणि विद्युतवाहकता स्थिरावली की मगच बाटली भरायची. धातूंसाठीचा नमुना जागेवरच गाळून त्यात नायट्रिक आम्ल टाकायचं. या खाणीच्या उताराकडच्या नळीतून पाणी नितळ आलं. आम्ल न घातलेली एक बाटली बाजूला ठेवली, तर थोड्या वेळाने ती पिवळसर झाली आणि तळाशी तांबूस गाळ बसला. पाण्यात विरघळलेलं लोह हवा लागताच बाहेर पडलं होतं. कचरा कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मग लोह विरघळतं; म्हणून राडारोड्यासोबत कुजणारा कचराही आत गेल्याची मला यावरून दाट शंका आहे. नितळ पाणी म्हणजे शुद्ध पाणी, हा समज किती घातक आहे!

दुसरी खूण सल्फेटची. प्लास्टरमधलं जिप्सम विरघळलं की ते वाढतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत सल्फेट स्वीकारार्ह आहे. भरावाआधी या नळीत ते ३० च्या आसपास होतं, आता १५० च्या पुढे गेलं आहे. ‘खतांमुळे असेल,’ असं उत्तर मिळालं. खतांतूनही सल्फेट येतं, हे मान्य. पण शेती चढाकडेही आहे आणि तिथला आकडा हललेला नाही. उताराकडे नायट्रेटही वाढलेलं नाही. अंतिम निष्कर्ष काढायला आणखी नोंदी हव्यात. पण २०० चा आकडा ओलांडेपर्यंत हातावर हात ठेवून बसणं मला पटत नाही. पाण्याची तुलना मर्यादेशी करावीच, पण त्याआधी ती त्याच्याच जुन्या नोंदींशी करायला हवी. भेगांत शिरलेलं दूषण बाहेर काढणं फार अवघड आणि खर्चिक असतं.

पंप बंद होऊन इथे दोनच पावसाळे झालेत आणि देखरेखीचा करार येत्या मार्चमध्ये संपतो. मुदतवाढ मी लेखी मागितली आहे. यापुढच्या प्रत्येक निविदेत भरावापूर्वीच्या नोंदी, गाडीगणिक भरावाची तपासणी आणि पंप थांबल्यानंतरच्या काही वर्षांच्या चाचण्या यांसाठी वेगळी रक्कम राखून ठेवावी. आणि ते आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत, कारण पाणी गावाला प्यायचं आहे.